इंग्रजीचे माफीनामे जमवणारे दत्ताकाका

शनिवारी सकाळी गाडीची किल्ली घेऊन मी दाराशी पोचलो होतो, तेवढ्यात शालिनीकाकूंचा फोन आला. दर शनिवारी दत्ताकाकांना युनिव्हर्सिटीच्या ग्रंथालयात सोडायचं आणि दुपारी घरी आणायचं हे माझं काम होतं. "सुधीर, आज येऊ नकोस रे," काकू म्हणाल्या. मला वाटलं, काका दमले असतील. मी नेहमीच्या चेष्टेच्या सुरात विचारलं, "काहून? साहेबांचा मूड नाही का आज?"  काकू म्हणाल्या, "काका गेले, सुधीर. झोपेतच गेले... चहाला उठवायला गेले तर..."  मी तसाच किल्ली घेऊन त्यांच्याकडे गेलो. ह्यूस्टनजवळच्या आमच्या शुगर लँडमध्ये मे महिन्यातच अंगाला शर्ट चिकटतो, पण त्या दिवशी गाडीचा एसी लावायचंसुद्धा मला सुचलं नाही.

त्याला आता दोन महिने होत आले. दत्तात्रय सुरवसे या नावाचा माणूस बार्शीकडच्या लोकांना 'अमेरिकेतला दत्तू' म्हणून माहीत होता, आणि इकडे ह्यूस्टनच्या तेल कंपन्यांमध्ये पाइपलाइनचा पक्का इंजिनिअर म्हणून. हा माणूस चौसष्टाव्या वर्षी कॉलेजात जाऊन बसला, चारशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजीचा अभ्यास केला आणि त्यात एम.ए. झाला, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. ज्यांना ठाऊक आहे त्यांतले निम्मे याला म्हातारपणाचा छंद समजतात. मला मात्र काकांचा फार अभिमान वाटतो, आणि तो आज जरा मोठ्यानं सांगायचा आहे.

मी नागपूरहून थेट त्यांच्या हाताखाली नोकरीला लागलो. पहिल्याच मीटिंगमध्ये हा उंच, सावळा, करड्या केसांचा माणूस उभा राहिला आणि म्हणाला, "प्लीज एक्सक्यूज माय इंग्लिश." त्यानंतर वीस मिनिटं तो असं नेमकं बोलला, की समोरच्या अमेरिकनांची पेन्सिल थांबली नाही. मला वाटलं, विनय असेल. पण पुढच्या मीटिंगलाही तेच, त्याच्या पुढच्यालाही तेच. फोन उचलला की तेच. शेजारच्या बाईला कुंपणावरून टोमॅटो दिले तरी आधी तेच. तीस-पस्तीस वर्षं अमेरिकेत काढलेला माणूस प्रत्येक वेळी तोंड उघडण्याआधी माफी मागायचा आणि मग कुणी बोट ठेवू नये असं बोलायचा. "काका, तुमची इंग्रजी तर माझ्यापेक्षा बेस्ट आहे, मग काहून माफी मागून राहिले?" असं मी एकदा विचारलं. "सवय झाली लेका," एवढंच म्हणून त्यांनी विषय बदलला.

रिटायर झाल्यावर ही सवय मोडायचं त्यांनी मनावर घेतलं. इथल्या युनिव्हर्सिटीत ज्येष्ठांना वर्गात बसू देतात. काका गेले ते सभेत बोलायला शिकवणाऱ्या वर्गात नाव घालायला. तो वर्ग भरलेला होता. खिडकीवरची मुलगी म्हणाली, इंग्रजीवरच दुसरा एक कोर्स आहे, त्यात भरपूर जागा आहे. काकांनी आनंदानं फॉर्म भरला. पहिल्या दिवशी वर्गात जाऊन बसल्यावर कळलं, की हा कोर्स इंग्रजी भाषेच्या इतिहासाचा आहे! "मला वाटलं, उच्चार सुधरतील," ते मला सांगत होते, "आणि ती बाई तर चारशे वर्षं मागं गेली की रे! तिथं तर सगळ्यांचेच उच्चार माझ्यासारखे!"

ती बाई म्हणजे प्रोफेसर एलेनॉर. उंचीनं काकांच्या खांद्याला लागणारी, मूळची टेक्ससचीच, बोलणं लांबवत नेणारी. वर्गात प्रत्येकाला ओळख करून द्यायला सांगितलं, तेव्हा काका उठले आणि सवयीनं म्हणाले, "प्लीज एक्सक्यूज माय इंग्लिश." वर्गातली विशीतली पोरं वळून बघू लागली. एलेनॉरबाई हसल्या. तास संपल्यावर त्यांनी काकांना आपल्या खोलीत नेलं आणि एका जुन्या पुस्तकाच्या पहिल्या पानांची झेरॉक्स हातात ठेवली. म्हणाल्या, "हे वाचा. हे तुमचे नातेवाईक." काकांनी घरी येऊन भिंग लावून वाचलं. सोळाव्या शतकातला कुणी एक इंग्रज आपल्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत वाचकांची माफी मागत होता. विद्वानांनी रागावू नये, हे पुस्तक खरं तर लॅटिनमध्ये लिहायला हवं होतं, आमची इंग्रजी ही ओबडधोबड, गरीब भाषा, तिच्यात लिहायचं धाडस केलं याबद्दल क्षमा असावी... काकांनी ते दोनदा वाचलं, तिसऱ्यांदा काकूंना मोठ्यानं वाचून दाखवलं, आणि मग मला फोन केला. "सुधीर, इंग्रज माणूस, इंग्लंडमध्ये बसून, इंग्रजीबद्दल माफी मागतोय रे!" त्यांचा आवाज इतका चढला होता, की मी फोन कानापासून लांब धरला.

तिथून काका सुटलेच. रात्री गाडी चालवणं त्यांना जमेनासं झालं होतं आणि दिवसाही हायवेवर मला त्यांची भीती वाटायची, म्हणून शनिवारचा सारथी मी झालो. त्या गाडीत माझी फुकटात शिकवणी झाली. त्या काळी शहाण्या माणसानं ज्ञान लिहायचं ते लॅटिनमध्ये, हे मला तिथे कळलं. इंग्रजी म्हणजे बाजारात भाव करायची, नोकराला हाक मारायची, पोराला झोपवायची भाषा. इंग्लंडचं बेट सोडून बाहेर गेलं की तिला कुणी विचारत नसे. मग छापखाने आले, लंडनमध्ये देशभरचे लोक येऊन मिसळले, सरकारी कचेरीतल्या कारकुनांनी एक वळण पाडलं, छापणाऱ्यांनी ते उचललं. काही पंडितांनी लॅटिनमधून पोत्यानं शब्द आणले, तर काहींनी 'आपल्या घरचे शब्द काय वाईट आहेत?' म्हणून भांडण काढलं. या सगळ्या कालव्यातून शंभर-दीडशे वर्षांत एक लिहायची इंग्रजी तयार झाली. काकांनी नोकरीतली कित्येक वर्षं पाइपच्या आट्यांचं स्टँडर्ड ठरवणाऱ्या समितीत काढली होती. एका आट्यासाठी तीन-तीन वर्षं वाद व्हायचे. त्यामुळे या गोष्टीचं त्यांना भारीच नवल. "एवढं मोठं स्टँडर्ड," ते सीटवर पुढे सरकून म्हणायचे, "आणि कमिटी नाही, मिनिट्स नाहीत, व्होटिंग नाही! माणसं नुसती वापरत गेली रे!"

पण त्यांचा जीव अडकला तो माफीनाम्यांत. ग्रंथालयात बसून ते प्रस्तावनांमागून प्रस्तावना वाचायचे. कुणी दरबारातल्या सरदाराची माफी मागायचा, कुणी विद्यापीठाची, कुणी सरळ परदेशी वाचकांची. हळूहळू हे माफीनामे कमी होत जातात, आखडत जातात, आणि एका टप्प्यावर लेखक उलट फुशारकी मारू लागतात की आमच्या भाषेत काय म्हणून कमी आहे! एलेनॉरबाई म्हणाल्या, नुसते वर्गात बसू नका, रीतसर एम.ए.ला नाव घाला आणि यावर प्रबंध लिहा. अशा रीतीनं बार्शीच्या मराठी शाळेत आठवीपासून इंग्रजी शिकलेला माणूस इंग्रजीचे माफीनामे जमवायला लागला.

एका शनिवारी मी पुन्हा तो जुना प्रश्न काढला. या वेळी त्यांनी टाळलं नाही. अमेरिकेतल्या पहिल्या नोकरीत त्यांनी एक अवघड डिझाइन सोडवलं होतं. रात्रंदिवस खपून रिपोर्ट लिहिला. मांडायची वेळ आली तेव्हा साहेबानं तो उचलून दुसऱ्याच्या हातात दिला. वाईट हेतू नव्हता, म्हणाला, डॅन, तुझ्या इंग्रजीनं लोक गोंधळतील. दत्तात्रयचं डॅन त्यानंच केलं होतं. काका मागच्या खुर्चीवर बसून आपलंच काम दुसऱ्याच्या तोंडून ऐकत राहिले. "तेव्हापासून ठरवलं, दुसऱ्यानं आपली चूक काढायच्या आधी आपणच काढलेली बरी. तोंड उघडायच्या आधी माफी मागून मोकळं व्हायचं." ते खिडकीतून बाहेर बघत होते. मग म्हणाले, "डिग्रीचं मला काय करायचंय या वयात? पण शेवटी तोंडी परीक्षा असती. तीन प्रोफेसर, सगळे इंग्रजीचे. सुधीर, मला एकदाच, त्या लोकांसमोर इंग्रजी बोलायला उभं राहायचंय आणि माफी मागायची नाही. एवढंच."  मी नुसताच लेन बदलत राहिलो.

या अभ्यासाचा प्रसाद आमच्या मराठी मंडळालाही मिळाला. आमच्या मंडळात पुणे, मुंबई, नागपूर, कोल्हापूर असा सगळा काला आहे. आणि कुणीही माइकसमोर आलं की पहिलं वाक्य ठरलेलं. मुंबईवाला म्हणणार, "माझं मराठी जरा मिक्स आहे हं." कोल्हापूरवाला म्हणणार, "आमची भाषा रांगडी, सांभाळून घ्या." पुण्याची बाईसुद्धा म्हणणार, "इतकी वर्षं झाली, सवय राहिली नाही." मुलं तर थेट इंग्रजीतच सॉरी म्हणायची आणि पळायची. काकांनी हे इतकी वर्षं ऐकलं होतं, पण आता त्यांचे कान वेगळे झाले होते. एका सभेत ते उठले आणि म्हणाले, "हे तर सगळे माझ्या प्रबंधातले लोक! आजपासून नियम. जो स्टेजवर आपल्या मराठीबद्दल माफी मागंल, त्यानं कार्यक्रम झाल्यावर पातेली घासायची." हॉलच्या डिशवॉशरमध्ये आमचं मसालेभाताचं पातेलं मावत नाही, ते हातानंच घासावं लागतं, आणि त्यावरून दर वेळी कमिटीत रुसवेफुगवे व्हायचे. त्यामुळे ठराव टाळ्यांच्या कडकडाटात मंजूर झाला. काकूंनी जुन्या सोलापुरी चादरीचं एक एप्रन शिवून हॉलच्या स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलं. ते भिजलं की असं जड व्हायचं, की घासणारा पुढच्या खेपेला नक्की शुद्धीवर असायचा.

पहिलं वर्ष गमतीचं गेलं. एक हृदयरोगतज्ज्ञ घासून गेले, एक गायिका घासून गेली, मंडळाचे अध्यक्ष तर दोनदा. मी मात्र कधी सापडलो नाही, आणि हे मी सगळ्यांना सांगत फिरायचो. "नागपूरचा माणूस माफी मागत नसतो, काका," असं म्हटलं की काका चष्म्यावरून बघायचे. "बघू की. अजून दिवस आहेत." पण गंमत करता करता एक गोष्ट खरीच घडली. लोक माइकवर येऊन सरळ बोलायला लागले. ज्याला जसं येतं तसं. कुणाच्या बोलण्यात वऱ्हाड, कुणाच्यात कोकण, कुणाच्यात अर्धं ऑफिस. मुलंसुद्धा थांबून दोन वाक्यं जास्त बोलायला लागली. फक्त काकांची नात रेवा कधी माइककडे गेली नाही. भारतातून नव्यानं आलेल्या मुलांनी तिच्या बोलण्याची एकदा नक्कल केली होती, तेव्हापासून ती हॉलमध्ये मराठीत तोंडच उघडत नसे. काकांनी तिला कधी आग्रह केला नाही. "तिचं तिला कळंल," म्हणायचे.

तोंडी परीक्षेच्या दिवशी मी सुट्टी काढली. ती परीक्षा कुणालाही बसून ऐकता येते. काकू, मी आणि रेवा मागच्या रांगेत बसलो. काकांनी लग्नातला म्हणावा असा सूट घातला होता. समोर एलेनॉरबाई, एक तरुण प्रोफेसर आणि एक बो-टाय लावलेले वयस्कर गृहस्थ. काका उभे राहिले, कागद नीट केले, पाण्याचा घोट घेतला... आणि थांबले. मला त्यांचे ओठ दिसत होते. ते वाक्य ओठांपर्यंत आलं होतं, चाळीस वर्षांचं वाक्य होतं ते. काकूंनी माझं मनगट घट्ट धरलं. काकांनी ओठ मिटले, पुन्हा उघडले आणि इंग्रजीत म्हणाले, "सुप्रभात. माझं नाव दत्तात्रय सुरवसे." डॅन नाही, डी. सुरवसे नाही. सगळं नाव, त्यातल्या 'त्र'सकट. आणि पुढे सरळ विषयाला सुरुवात केली. तिथेच माझ्या डोळ्यांत पाणी आलं, पुढची दहा मिनिटं मला काही ऐकूच आलं नाही.

शेवटी बो-टायवाल्यांनी खोचक प्रश्न टाकला. म्हणाले, तुम्ही म्हणता, इंग्रजी समर्थ झाली तसे माफीनामे बंद झाले. पण उलटं कशावरून नसेल? माफी मागणं थांबवलं म्हणून ती समर्थ झाली असेल तर?  काका म्हणाले, "सर, मी पाइपलाइनचा माणूस. तेल आल्यावर पाइप टाकायचा म्हटलं तर तेल वाहून जाईल. पाइप आधी टाकावा लागतो. ज्यांनी पहिल्यांदा माफी मागितली नाही, त्यांच्या प्रस्तावना मी वाचल्यात. त्यांची इंग्रजी शेजाऱ्यापेक्षा काही चांगली नव्हती. त्यांनी फक्त वाट बघितली नाही." बो-टायवाले गृहस्थ खुर्चीत मागे टेकले आणि हसले. एलेनॉरबाईंनी टेबलावर पेन ठेवलं. पुढचे दोन प्रश्न नुसते उपचाराचे होते.

काका पास झाले. आणि मग, बाहेर कॉफी पिताना, बो-टायवाल्यांच्या बायकोनं अभिनंदन केलं तेव्हा आमचे एम.ए. झालेले काका हात जोडून म्हणाले, "थँक यू मॅडम, प्लीज एक्सक्यूज माय इंग्लिश." मी आणि काकू एकमेकांकडे बघतच राहिलो. रेवा ओरडली, "आजोबा!" काकांनी जीभ चावली. पण माणूस हिशेबाला चोख. नियम मराठीपुरता होता, स्टेजपुरता होता, कुणी काही म्हटलंही नसतं. तरी पुढच्या पाडव्याला जेवणं झाल्यावर ते आपणहून आत गेले, सूटचा कोट काढून खुर्चीला लावला, सोलापुरी एप्रन चढवलं आणि पातेल्यात कोपरापर्यंत हात घातले. "परीक्षेत नाही मागितली, लक्षात ठेव," घासता घासता मला म्हणाले, "कॉफीत मागितली. कॉफीचं पातेलं समज." इतका आनंदी भांडी घासणारा माणूस मी आजवर बघितलेला नाही.

त्यानंतरची दोन वर्षं ते एलेनॉरबाईंच्या वर्गात दर सत्रात एकदा पाहुणे म्हणून जायचे आणि टेक्ससच्या पोरांना त्यांच्याच भाषेचं गरिबीतलं बालपण सांगायचे. एका माणसाला जे लागलं ते त्यानं चौसष्टाव्या वर्षी उलटून बघितलं, त्यातून एवढं शहाणपण काढलं, आणि ते वाटून टाकलं. आमच्या पिढीनं अमेरिकेत मोठी घरं बांधली, मोठी पदं मिळवली. माझ्या लेखी काकांचं हे काम त्या सगळ्याहून मोठं आहे.

जूनमध्ये त्याच हॉलमध्ये शोकसभा झाली. चहा होता, काकांचा फोटो होता. एलेनॉरबाई इंग्रजीत बोलल्या, पण शेवटी 'दत्तात्रय' हे नाव त्यांनी पूर्ण घेतलं, न अडखळता. मग पहिल्या रांगेतून रेवा उठली आणि माइककडे गेली.  "आजोबा माझा फ्रेंड होता," ती म्हणाली. "तो मला स्कूलला सोडायचा. तो मला सगळे जुने बुक्स वाचून दाखवायचा. मला ते कळायचे नाही, पण मला त्याचा आवाज आवडायचा. मला त्याची खूप आठवण येते." ती तिथेच थांबली, आधी सॉरी नाही, नंतर सॉरी नाही, आणि परत येऊन आजीजवळ बसली. मला वाटलं, काकांचं काम इथे पुरं झालं.

मग माझं नाव पुकारलं गेलं. मी सगळं लिहून आणलं होतं. माइकसमोर उभा राहिलो, फोटोकडे नजर गेली. कागदावरची अक्षरं दिसेनात. काहीतरी बोलायला हवं म्हणून माझ्या तोंडून निघालं, "मी काही मोठा बोलणारा नाही... माझं मराठी आपलं नागपूरकडचं, साधं... सांभाळून घ्या." बोललो आणि मलाच ऐकू आलं.  कुठे बघावं कळेना. तेवढ्यात पहिल्या रांगेतून काकूंचा आवाज आला, रडून बसलेला, पण स्वच्छ. "सुधीर, एप्रन आत खिळ्यावर आहे रे." आधी रेवा हसली, मग सगळा हॉल हसला, आणि हसता हसता कितीजण रडले.

सभा संपल्यावर मी आत गेलो. पातेलं चहाचं होतं, तळाला साखर धरलेली. एप्रन खिळ्यावर होतं. काकांच्या त्या पाडव्यानंतर दोन वर्षं ते कुणाला लागलंच नव्हतं, कारण त्यानंतर कुणी माफीच मागितली नव्हती. पाठीमागच्या नाड्यांची गाठ काकांनी मारलेली तशीच होती, त्यांच्या मापाची, मला चांगली सैल. मी ती सोडली नाही. तसंच डोक्यावरून चढवलं आणि नळ सोडला.